सगुणेच्या घड्या, वेणूचा मोर

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, पिठाच्या गिरणीमागच्या घरात दोन जावा राहत होत्या. थोरली सगुणा, धाकटी वेणू. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. गिरणी ते दोघे मिळून चालवायचे.

सगुणेचे वडील गणपतीसाठी कागदाची मखरे करत. त्यांच्याजवळ बसून ती लहानपणीच कागद दुमडायला शिकली होती. वेणूला चित्रांचा नाद. दारातली रांगोळी असो की घराची भिंत, तिच्या हातात रंग आला की तिथे पानेफुले उगवलीच म्हणून समजा.

एका दिवाळीला वेणूच्या माहेरी पाठवायला म्हणून दोघींनी मिळून एक शुभेच्छापत्र केले. सगुणेने जाड कागद मधोमध दुमडला, घडीवर दोन चिरा दिल्या आणि मधली पट्टी उलटी दुमडून आत ढकलली. पत्र उघडले की आत एक छोटी पायरी उभी राहायची. वेणूने त्या पायरीला रंगवलेले तुळशीवृंदावन चिकटवले. पत्र मिटले की सपाट कागद, उघडले की समोर अंगण. वेणूच्या आईने ते शेजारीपाजारी इतके दाखवले की घडीवर कागद मऊ पडला.

मग गावातले लोकही मागू लागले. कुणाच्या बारशाला पाळणा, कुणाच्या साठीला मोहरलेला आंबा, परगावी गेलेल्या मुलीला घराचे दार. दुपारी गिरणीचा आवाज थांबला की दोघी ओसरीवर बसत. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवत. सगुणा घड्या घालायची, वेणू चित्रे काढून, कापून, रंगवायची. बोलणे फारसे नसायचे. सगुणा मूळचीच अबोल होती. वेणूच कधी काही गुणगुणायची.

एकदा तालुक्याच्या गावी महिला मंडळाने हस्तकलेचे प्रदर्शन भरवले. दोघींनाही बोलावणे आले. पण त्याच सुमारास सासूबाई तापाने आजारी पडल्या. सगुणा म्हणाली, "तू जा. आईंजवळ मी थांबते. आणि मला लोकांत बोलायला कुठं जमतं?"

वेणू एकटी गेली. टेबलावर तिने पत्रे मांडली. लोक एकेक उचलत, उघडत आणि हसत. मोराचे पत्र तर हातोहात फिरत होते. ते उघडले की मिटलेला पिसारा पंख्यासारखा उलगडायचा आणि मोर मान वर करून उभा राहायचा.

मंडळाच्या अध्यक्षा अनसूयाबाई तिथे आल्या. त्यांनी मोराचे पत्र उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"हे सगळं तुम्हीच करता?" त्यांनी विचारले.

"हो," वेणू म्हणाली.

खोटे बोलावे असे तिच्या मनात नव्हते. 'मी आणि माझ्या जाऊबाई' असे म्हणायला तिने तोंड उघडलेही होते. पण तेवढ्यात अनसूयाबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि आजूबाजूच्या बायकांना हाक मारली, "अगं, इकडे या, या बाईंची बोटं बघा." बायका जमल्या. कुणी तिच्या बोटांकडे पाहिले, कुणी फोटो काढला. वेणूला फार बरे वाटले. राहिलेले वाक्य तिने मनातच ठेवले.

पुढच्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. तिच्या हातात मोराचे पत्र होते. खाली लिहिले होते, 'एका गृहिणीच्या बोटांची किमया'.

गिरणीवर दळण आणणाऱ्या एकाने तो अंक घरी आणून दिला. सगुणेने हात पुसून तो घेतला, फोटो पाहिला, खालची ओळ वाचली.

"छान आलाय फोटो," ती म्हणाली. "मोर मात्र जरा तिरका धरलायस."

एवढे बोलून ती भाकरी थापायला आत गेली. वेणू ओसरीवर उभी राहिली. जाऊबाई भांडल्या असत्या तर तिला काही उत्तर देता आले असते. आता उत्तर द्यायचे तरी कशाला?

काही दिवसांनी अनसूयाबाईंचा निरोप आला. मंडळातल्या बायकांना ही कला शिकवायला वेणूने यावे, सगळ्यांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पत्र करून दाखवावे, असे त्यांनी कळवले होते. वेणूने निरोप्याला होकार दिला, आणि तो गेल्यावर तिच्या ध्यानात आले. तिला चित्र काढता येत होते, कापता येत होते. घडी घालता येत नव्हती.

सगुणा सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेली, तेव्हा वेणू दार लोटून कागद घेऊन बसली. आजवर इतक्या वेळा शेजारी बसून पाहिले होते. त्यात काय अवघड असणार, असे तिला वाटले. तिने कागद दुमडला, चिरा दिल्या, पट्टी आत ढकलली. मोर चिकटवला. पत्र उघडल्यावर मोर उभा राहिला खरा, पण मिटल्यावर त्याची मान कागदाबाहेर आली. तिने दुसरा कागद घेतला. या वेळी पिसारा घडीत अडकला आणि पत्र मिटेचना. जोर लावला तसा तो टर्रकन फाटला. संध्याकाळपर्यंत चुलीशेजारी फाटक्या मोरांचा ढीग झाला.

सगुणा परत आली. तिने ढीग पाहिला. वेणूने तो लपवला नाही. लपवण्यासारखा तो लहानही नव्हता.

"जाऊबाई," वेणू खाली मान घालून म्हणाली, "मला घडी घालायला शिकवाल?"

सगुणेने हातातली पिशवी खाली ठेवली. का शिकायचे आहे, कुणासाठी, कुठे जायचे आहे, यातले काहीच तिने विचारले नाही. निरोप्या येऊन गेल्याचे तिला ठाऊक होते. गाव लहान होते.

"उद्या दुपारी बस माझ्याजवळ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिकवू लागली. चमच्याच्या पाठीने घडी कशी दाबायची, म्हणजे कागद सुरकुतत नाही. चिरा किती लांब द्यायच्या. उलटी घडी घालण्याआधी कागदाला दोन्ही बाजूंनी कसे वाकवून मऊ करायचे. खळ कुठे लावायची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कुठे लावायची नाही.

"पत्र उघडतं कसं ते सगळे बघतात," ती म्हणाली. "करणाऱ्यानं ते मिटतं कसं ते आधी बघावं."

वेणूचा हात चुकला की सगुणा तिचे बोट धरून योग्य जागी ठेवायची. वडिलांनी तिला शिकवलेली एक अवघड घडी होती. ती तिने आजवर कुणालाही दाखवली नव्हती. पिसारा उलगडायचा तो त्याच घडीमुळे. तीही तिने वेणूला दाखवली. पुन्हा पुन्हा दाखवली, वेणूच्या बोटांत ती बसेपर्यंत.

वर्गाच्या आदल्या दिवशी वेणूने सगुणेची मदत न घेता अख्खा मोर केला. पत्र मिटले, उघडले. मोर डौलात उभा राहिला.

"आता तुला माझी गरज नाही," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पण ती लगेच उठून कपडे वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळाची खोली बायकांनी भरली होती. अनसूयाबाईंनी वेणूची ओळख करून दिली. "कुणी शिकवलं नाही, कुठं वर्ग केला नाही," त्या म्हणाल्या, "ही उपजतच कलाकार आहे." बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वेणूने कागद उचलला. घडी घातली, चमच्याच्या पाठीने दाबली. चिरा दिल्या. बायका माना उंचावून पाहत होत्या. तिची बोटे चुकत नव्हती. प्रदर्शनात 'हो' म्हटले तेव्हा ते अर्धे खोटे होते. आज ते जवळजवळ खरे झाले होते. सगळे पत्र ती खरोखरच एकटी करत होती. आता तिला कुणी पकडणार नव्हते. अनसूयाबाईंना कळणार नव्हते, आणि सगुणा तर कुणाला सांगायला येणार नव्हतीच.

ती अवघड घडीपाशी आली. वडिलांनी सगुणेला आणि सगुणेने तिला दिलेली घडी. तिने कागद दोन्ही बाजूंनी वाकवून मऊ केला आणि तिचे बोट आपसूक त्या जागी गेले, जिथे सगुणेने ते धरून ठेवले होते. वेणूचे हात थांबले.

"काय झालं?" पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारले. "विसरलात का?"

"नाही," वेणू म्हणाली. "सांगायचं राहिलंय."

तिने कागद खाली ठेवला.

"ही घडी माझी नाही. यातली एकही घडी माझी नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई, सगुणा, त्यांच्या आहेत. प्रदर्शनातली सगळी पत्रं आम्ही दोघींनी केली होती. चित्रं माझी, पण ती उभी राहायची त्यांच्यामुळं. मला तर मागच्या आठवड्यापर्यंत साधी पायरीसुद्धा येत नव्हती. त्यांनी शिकवली."

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आत्ताच सगळ्यांसमोर तिची एवढी स्तुती केली होती.

"मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले," वेणू म्हणाली. "कौतुक गोड लागलं. म्हणून गप्प बसले."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे दोघीतिघी कुजबुजल्या. वेणूचे कान तापले. पण छातीवरचे ओझे उतरले होते. तिने कागद पुन्हा उचलला आणि ती अवघड घडी हळूहळू, सगळ्यांना दिसेल अशी, घालून दाखवली. पिसारा उलगडला. पुढची म्हातारी म्हणाली, "मग त्या जाऊबाईंना का नाही आणलंत? त्यांनाही बघितलं असतं."

"पुढच्या वेळी आणते," वेणू म्हणाली.

अनसूयाबाई निरोप देताना थोड्या तुटकपणेच बोलल्या. पण त्या एवढे म्हणाल्या, "दोघींना बोलावणं पाठवते."

वेणू घरी पोचली तेव्हा सगुणा ओसरीवर तांदूळ निवडत होती. वेणू तिच्यासमोर बसली आणि तिने सगळे सांगितले. प्रदर्शनातला 'हो', अनसूयाबाईंचे बोलणे, बायकांची कुजबुज. काही राखून ठेवले नाही.

सगुणेची बोटे सुपातच थांबली.

"मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं," वेणू म्हणाली. "पण तुम्ही तरी मला काही का विचारलं नाहीत? का शिकवलंत?"

"फोटो आला त्या दिवशी मला खूप राग आला होता," सगुणा म्हणाली. "त्या रात्री घास उतरला नाही. तू घडी मागितलीस तेव्हा नाही म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हटलं असतं तर ती घडी माझ्याबरोबरच गेली असती, आणि आपल्या दोघींत कायमची फट पडली असती. बाबांनी ती मला दडवून ठेवायला दिली नव्हती."

तिने डोळ्यांना पदर लावला, मग सूप बाजूला ठेवले.

"आता मला सांग," ती म्हणाली, "त्या बायकांपुढं मला काय बोलावं लागेल?"

"काही नाही. तुम्ही घड्या घाला. बोलायचं मी बघते."

पुढच्या वर्गाला दोघी एकाच बसने गेल्या. सगुणा शेवटपर्यंत मोजकेच बोलली. पण बायका तिच्याभोवती इतक्या दाटीने बसल्या की रंगांचे सामान मांडायला वेणूला जागाच उरली नाही. वेणू दाराशी उभी राहिली. जी कुणी आत येई तिला ती सांगत होती, "त्या माझ्या जाऊबाई. घड्या त्यांच्या."

गोष्टीचे तात्पर्य एवढेच: कौतुक वाट्याला आले की त्यातला दुसऱ्याचा वाटा आपणच, आपल्या तोंडाने सांगावा, कारण गप्प राहून घेतलेले श्रेयही चोरलेलेच असते.