तिसरा डबा

आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्या सोसायट्यांविरुद्ध आम्ही काही स्वयंसेवक अंबरनाथमध्ये मोहीम चालवत होतो. मी नुकतीच परदेशातून शिकून आलेली, म्हणून सगळ्यांच्या पुढे. नर्स असलेल्या रुक्साना मुजावरना एका सोसायटीत भाड्याने फ्लॅट हवा होता, पण अध्यक्ष खानोलकरकाका अडून बसले.

"मासे आम्हीही खातो हो. पण यांच्या स्वयंपाकाचा वासच वेगळा. डोळे मिटून ओळखेन!"

"मग ओळखाच," मी म्हटलं.

रविवारच्या सभेत मी तीन घरांतले डबे मांडले. काकांनी डोळ्यांवर रुमाल बांधला. पहिला डबा हुंगून बाजूला सारला. दुसऱ्याचं झाकण निघताच नाक मुरडलं. "शी! हाच त्यांचा."

"काका, हा तुमच्याच घरचा. सकाळी काकूंनी भरून दिलाय."

सभा खो खो हसली. काकांनी मान खाली घालून परवानगीच्या कागदावर सही केली. तो मी ऐटीत रुक्सानाताईंपुढे धरला.

"जिरवलीत खरी," त्या हळूच म्हणाल्या. "पण ताई, मला इथे राहायचं होतं. आता रोज जिन्यात मी दिसले की त्यांना हे हसणंच आठवणार."

कागद टेबलावर ठेवून त्या तिथला तिसरा, आपला डबा घेऊन निघून गेल्या. शेजाऱ्यांना चाखवायला त्यांनी दुधीहलवा आणला होता, हे मला नंतर कळलं. तो डबा कुणी उघडलाच नाही, मीसुद्धा.