हात वर करा

एडिंबरोहून शिकून परतलेल्या केतकीला वाटलं होतं, या गच्चीवरच्या हॉटेल-बारमधून आईला रंकाळ्याचे दिवे दाखवू. प्रत्यक्षात दोघींना फॅमिली रूममध्ये बसवलं, समोर भिंत आणि भिंतीवर स्वित्झर्लंडचं चित्र.

"कठड्याजवळचं टेबल रिकामं आहे की!" केतकी म्हणाली.

मालक खराडे मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ताई, तिकडं पिणारी माणसं असत्यात. लेडीजना त्रास नको. आपल्याकडं बायकांचा मान मोठा!"

"चल गं, घरी पिठलं टाकते," म्हणत आई पर्स घेऊन उठलीच.

केतकी तडक कठड्याजवळ गेली. "मंडळी, मालक म्हणतात, तुमच्यापासून बायकांना त्रास आहे. ज्याच्यापासून असेल त्यानं हात वर करावा. त्याला आपण फॅमिली रूममध्ये बसवू."

सगळे हात टेबलाखाली गेले.

"बघा मालक, एकही नाही. उगाच गिऱ्हाइकांची बदनामी करताय!"

गिऱ्हाइकं आता खराड्यांकडेच रोखून बघू लागली. खराड्यांनी स्वतः आईला कठड्याजवळची खुर्ची ओढून दिली आणि तिनं रंकाळ्याचे दिवे बघत पांढरा रस्सा ओरपला.

सकाळी उठल्यावर केतकीनं ठरवलं, तक्रार वगैरे करत बसायचं नाही. शनिवारी आईची अख्खी भिशी तिथंच घेऊन जायची, कठड्याजवळ.