पटरची मान

वस्तू माणसांना उलट उत्तरं देत, तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या गोल्फ मैदानात भाऊसाहेब धारप रोज सकाळी खेळत. चेंडू भोकात ढकलायची त्यांची काठी म्हणजे पटर. नेम चुकला की भाऊसाहेब पटरलाच वाकडा ठरवत आणि शेजारच्या लोहाराकडून त्याची मान ठोकून घेत.

चौथ्यांदा लोहारानं हातोडा उचलला, तसा पटर कडाडला, "थांबा! मी वाकडा नाही. भाऊसाहेब, तुम्ही आधी पाय रोवता. पाय नि खांदे वळलेले असतात चहाच्या टेबलाकडे, आणि मग मला कसंबसं भोकाकडे ओढता. एकदा आधी मला टेकवा, माझं तोंड भोकाकडे करा, मग माझ्या दिशेनं पाय नि खांदे जुळवा. तरी चुकलं, तर वितळवून खिळे करा माझे!"

भाऊसाहेब तणतणत मैदानात गेले आणि त्यांनी तसंच केलं. चेंडू सरळ भोकात पडला.

"बघ! हातोडा दिसला की बरा सुधारतोस," भाऊसाहेब म्हणाले.

"मी कालही असाच होतो," पटर म्हणाला. "सुधारलं कोण, ते दवात उमटलेल्या तुमच्या बुटांच्या ठशांना विचारा."