पोशाबाचा चौथा दगड

रस्ते नव्हते, माणसांना नुसते पाय होते, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीत अगदी आडबाजूला आगदरी नावाची दरी आहे. कधीकाळी धरणीच्या पोटातली आग इथं वर आली आणि थिजून तिचा काळा कातळ झाला, असं म्हणतात. कोकणातून घाटावर यायचं तर दोन दिवसांची चाल, आणि मधला मुक्काम या दरीतच.

घाटावरच्या वाडीत पोशा ठाकर राहायचा. उंचीला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, आंबीचं, लग्न कोकणातल्या मुलाशी ठरलं, तेव्हा वऱ्हाडाला वाट दाखवायला पोशा स्वतः खाली उतरला.

साठ माणसांचं वऱ्हाड. त्यातले निम्मे चालायला आणि निम्मे जागोजाग बसायला आलेले. ऊन कलताना सगळे दरीत पोचले. पोशा लाकडं आणायला गेला, तेवढ्यात भुकेल्या वऱ्हाडानं ओढ्यातले गुळगुळीत, देखणे धोंडे उचलून चूल मांडली. भाताला उकळी फुटायच्या आत धोंडाच फाडकन फुटला. हंडा कलंडला, भात ओढ्याला मिळाला. दुसरी चूल मांडली, तीही फुटली. रिकाम्या पोटी माणसाला भूत लवकर दिसतं. दरीला हे लग्न मान्य नाही, असं म्हणून नवऱ्याचा बाप कमळू वऱ्हाड माघारी वळवू लागला.

मोळी घेऊन आलेल्या पोशाच्या तोंडचं पाणी पळालं. वर मांडव घातलेला, लेक हळद लावून बसलेली. वऱ्हाड परतलं तर तिला जन्मभर अपशकुनी म्हणतील. तो कमळूपुढे हात जोडून उभा राहिला.

“व्याही, हे दगूड आगीच्याच पोटचे. आईच्या मांडीवर लेकरू कशाला फुटंल? वढ्यातले पानी पिऊन बसलेत, म्हणून फुटले. मला एक चूल मांडू द्या.”

मग तो उतारावर चढला आणि एकेक दगड काठीनं वाजवू लागला. ओला दगड बद्द वाजायचा, कोरडा खणखणीत. त्यानं सातशे दगड वाजवले आणि दरीभर घंटांचा नाद भरला, असं म्हणतात. वासराएवढे तीन दगड त्यानं खांद्यावरून आणले. चूल पेटली, पण जवळ कोणी येईना. तेव्हा पोशा चुलीकडे पाठ करून तिला खेटूनच बसला.

“फुटलाच, तर आदी माझी पाठ फुटंल.”

भात शिजेपर्यंत तो हलला नाही. दगड फुटला नाही, पाठही नाही. साठ माणसं पोटभर जेवली आणि सगळ्यात जास्त कमळू जेवला, हे त्याच्या घरचेही कबूल करतात. दुसऱ्या दिवशी थाटात लग्न लागलं.

आंबी सासरी गेली आणि पोशाला नवा घोर लागला. माहेरी यायचं तर तिचा मुक्काम त्याच दरीत. म्हणून दर सणाआधी तो खाली उतरून कोरडे दगड रचून ठेवायचा. येणारेजाणारे ते वापरून टाकायचे. पोशा रागवायचा नाही. भेटेल त्याला एवढंच सांगायचा, तीन घ्या, चार ठेवा. पोशा गेला, पण ती रास त्यानंतर कधी कमी झाली नाही, उलट वाढतच गेली, असं म्हणतात.

आता पाठीवर तंबू घेऊन पोरंपोरी येतात. राशीतले तीन दगड घेऊन चूल मांडतात, आणि सकाळी निघण्याआधी कुरकुरत उतार चढून, काठीनं वाजवून चार नवे आणतात. चौथा ठेवताना वाडीनं शिकवलेलं म्हणतात, “पोशाबा, मागून लेक येतेय.”