सांडलेली आंबील

मडक्यातलं खमीरसुद्धा बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट. चित्री कोंबडी पिलांना डोळ्यांत तेल घालून जपायची. अंगणातल्या मडक्यात नाचणीची आंबील फसफसत होती. त्यातलं खमीर म्हणालं, “चित्रीबाई, पिलांना रोज दोन थेंब पाजा. पोटात वाईट जंतू शिरले, तर मी त्यांना मिठी मारून बाहेर नेईन.”

“अगं बाई! जंतूच जंतूला धरणार? माझ्या लेकरांपासून लांब राहा!” म्हणत चित्रीनं मडकं लाथाडलं. आंबील मातीत जिरली.

पुढं धाकट्या पिलानं उकिरड्यावरचं नासकं मटण टोचलं. त्याला जुलाब लागले. चित्री त्याला घेऊन आंबील सांडली होती तिथं धावत आली, “खमीरदादा, बोला ना!” म्हणत माती उकरू लागली. कुणी बोललं नाही. पिलानं तिथंच मान टाकली.

तेव्हापासून कोंबडी दिसेल ती माती उकरते, मडकं लाथाडलं त्याच पायांनी.