नाळेची झाडं

फार वर्षांपूर्वी, ग्वाटेमालाच्या डोंगरांत बंदुका नुकत्याच गप्प झाल्या होत्या, तेव्हा माया आदिवासींच्या चुवाबाह नावाच्या गावात तालीन ही सुईण राहायची. सगळे तिला नान म्हणायचे, म्हणजे आई. नान मोठी भित्री. पान पडलं तरी दचकायची. पण बाळंतिणीपाशी बसली की हात कसा स्थिर! मूल झालं की त्याची नाळ ती मक्याच्या सालीत गुंडाळून शिवेवरच्या एखाद्या ओकच्या झाडाला बांधायची. मूल कुठंही जावो, झाड त्याला विसरत नाही, असं म्हणतात.

एके दिवशी शहरातून साहेब आला. "हे रान कंपनीला दिलंय. तुमचं असेल तर कागद दाखवा."

कागद तर सैनिकांनी गाव जाळलं तेव्हाच राख झाले होते. निम्मी माणसं सरहद्दीपार पळाली होती.

नान थरथरत पुढं झाली. "साक्षीदार आहेत, साहेब. ही झाडं."

"झाडांना काय साक्षीला उभं करणार?"

"उभीच आहेत की!" म्हातारा तुन म्हणाला, अन् कितीतरी दिवसांनी गाव हसलं.

मग नान एकेका झाडाला हात लावत, ज्याची नाळ त्याचं नाव घेत चालली. वारा नव्हता, तरी नाव घेतलं की फांदी हलायची. अन् सरहद्दीपलीकडं त्या माणसाच्या बेंबीला हिसका बसायचा, हातातला घास टाकून तो घराच्या वाटेला लागायचा, असं म्हणतात.

शेवटचं झाड झऱ्याकाठी. तिथं नान अडली.

"बिननावाचं दिसतंय," साहेब म्हणाला. "मग झरा कंपनीचा."

ते झाड तिच्याच लेकाचं होतं. सैनिकांनी त्याला नेलं, तेव्हापासून तिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं. उच्चारलं तर नावही नेतील, ही धास्ती.

शेजारणीनं, शेपनं, तिचा खांदा धरला. "नान, सगळ्यांची नावं घेतलीस. त्याचंच तेवढं कोंडून ठेवणार होय?"

"लू," नान पुटपुटली. मग अशी ओरडली, की साहेबच दचकला.

झाड मुळापासून हललं. झरा उसळला, साहेबाचे बूट भिजले, कंपनीनं ठोकलेले हद्दीचे खुंट वाहून गेले. लू काही परत आला नाही. पण आठवड्याभरात डोंगरवाटांवर माणसं दिसू लागली, बोचकी डोक्यावर घेतलेली. एवढ्या मालकांपुढं साहेब काय बोलणार? रान गावाचं राहिलं.

आजही चुवाबाहचे लोक बाळाची नाळ झाडाला बांधतात, अन् वर्षातून एकदा नावं घेत शिवेवरून फिरतात. ज्याचं नाव त्यानं "आहे" म्हणायचं. जो नाही, त्याच्यासाठी शेजारचा म्हणतो. झऱ्याकाठी मात्र "लू!" अशी हाक आली की सगळं गाव एका आवाजात "आहे!" म्हणून ओरडतं.

पाखरं दचकून उडतात. माणसं नाही.