दहावं माणूस

कासारखिंड गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलं ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. सासऱ्यानं त्याला एक जुनी जीप दिली आणि म्हणाला, "जावईबापू, तालुक्याला माणसं पोचवा. पोटापाण्याचं बघा." गेनूनं दुसऱ्याच दिवशी माणसं भरली आणि निघाला.

नाक्यावर हवालदारानं अडवलं. "कागदपत्रं?"

"घरी पेटीत हायेत, साहेब. मळू नयेत म्हणून."

"अरे, कागद कायम गाडीत ठेवायचे. घरात नाही!"

गेनूला पटलं. घरात कागद म्हणून जे जे होतं ते त्यानं गाडीत नेऊन टाकलं. सातबारा, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. बायको हौसा म्हणाली, "अवो, आज वार कोणता हे कळायचं कसं?"

"गाडीत येऊन बघ," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं त्या ढिगातून विम्याचा कागद हुडकला. वाचला आणि कपाळाला हात लावला.

"हा तर घरगुती वापराच्या गाडीचा विमा! यावर भाडं घेऊन माणसं नेलीस आणि अपघात झाला, तर भरपाई कोण देणार? आधी प्रवासी वाहतुकीचा परवाना काढ, तसा विमा काढ. तोवर कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. कळलं?"

"कळलं."

त्याच दुपारी हौसानं त्याला चार कोंबड्या विकायला बाजारात धाडलं. तो हात हलवत परत आला.

"कोंबड्या?"

"गेल्या. लई चांगलं गिऱ्हाईक भेटलं."

"आणि पैसे?"

"देत होता बिचारा. मीच नको म्हटलं. परवाना कुठाय आपल्याकडं?"

हौसा मटकन खाली बसली. मग पदर खोचून उठली. तालुक्याला खेटे घालून तिनं परवाना काढला, प्रवाशांचा विमा उतरवला. विमा एजंट पाटणकर घरी येऊन गेनूला समजावू लागले, "हे बघा गेनूभाऊ, ड्रायव्हर धरून नऊ माणसं. दहावं बसलं की नियम मोडला, विम्याचा घोळ झाला. तेव्हा मोजत जा. दहा भरली की एकाला उतरवायचं."

रविवारी घरी पाहुणे आले. पंगत बसली. गेनूनं मोजलं. दहा! त्यानं शेवटच्या पाटावरच्या सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि अंगणात नेऊन उभं केलं. सासूबाईंच्या हातात भजं तसंच.

हौसा ओरडली, "अवो, घरात नाही! गाडीत मोजायचं, गाडीत!"

"मग तसं नीट सांगावं," म्हणत गेनूनं सासूबाईंना परत आणून बसवलं.

सोमवारी जीप निघाली. गेनूनं दोनदा मोजलं. बरोबर नऊ. त्यात गावातली पारू होती. दिवस भरले होते, म्हणून नवरा आणि सासू तिला दवाखान्यात नेत होते. पण घाट उतरून दवाखान्याची पाटी दिसते न दिसते तोच मागून ट्यँहा ट्यँहा ऐकू आलं.

"नातू झाला!" पारूची सासू आनंदानं ओरडली.

गेनूनं करकचून ब्रेक दाबला. उतरून मागं आला. बोट नाचवत मोजलं.

"दहा. एकाला उतरावं लागंल."

"अरे मेल्या, आत्ता जन्मलंय ते!"

"मावशी, पाटणकरांनी वय नाही सांगितलं."

गेनूनं बाळाकडं पाहिलं. बाळानं मूठ हलवली. गेनूचं काळीज पाघळलं.

"राहू दे त्याला," तो म्हणाला. "त्याच्याऐवजी मी उतरतो. आता झाले नऊ. जावा बिनघोर!"

आणि तो आडवाटेनं घराकडं चालू लागला. मागून हाका आल्या, त्यानं वळून हात हलवला. शेवटी सहा जणांनी जीप ढकलत दवाखान्याच्या दारात नेली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

गेनू घरी पोचला तेव्हा हौसा दारातच होती.

"गाडी कुठाय?"

"दवाखान्यात गेली. फुल्ल होती."

"आणि चालवतंय कोण?"

"ते मला काय ठावं? मी तर आधीच उतरलो," असं म्हणून गेनूनं जीपची चावी खुंटीला अडकवली.